कारभाऱ्यांकडे उरलेली मिशी

बेलापुरात लग्नाची पंगत बसली आणि वाढपी वांग्याच्या भाजीची बादली घेऊन कारभारी औताड्यांच्या ताटापाशी आला, की तो आपणहून पुढच्या ताटाकडे सरकतो. वाढपी नवखा असला तरच थांबतो. मग शेजारी बसलेला कुणीतरी त्याला सांगतो, "त्यांना नको वाढू. त्यांचं वांगं मोहटादेवीला गेलंय." चहाच्या वेळीही तेच. कारभाऱ्यांच्या चहातली साखर नेवाशाला मोहिनीराजाकडे गेली आहे. दुपारची झोप शिंगणापूरला. तंबाखू तर केव्हाच गावच्या खंडोबाकडे जमा झाला. माणूस एकटा, पण त्याच्या आवडीनिवडी अशा निम्म्या जिल्ह्यातल्या देवांनी वाटून घेतलेल्या.

आता यात कारभाऱ्यांची भक्ती किती म्हणाल, तर मुळीच नाही. हे सगळे नवस त्यांच्या बायकोने, रतनबाईंनी बोललेले होते.

रतनबाईंची नवस बोलायची तऱ्हा एकदम सुटसुटीत. अडचण आली की देवापुढं पदर पसरायचा आणि म्हणायचं, "देवा, एवढं पार पाड, हे अमुक सोडतील." देवाने काय करायचं ते स्पष्ट, सोडायचं काय ते स्पष्ट, आणि सोडणारा माणूस त्या वेळी बहुधा घराबाहेर.

पहिला नवस मुलाच्या टायफॉईडचा. गोरक्ष लहान होता, ताप उतरेना. रतनबाईंनी खंडोबाला सांगून टाकलं. पोरगं उठून बसलं, पेज प्यायलं, आणि कारभाऱ्यांनी आनंदाने तंबाखूची चंची उघडली तेव्हा रतनबाईंनी ती हातातून काढून घेतली.

"ती आता खंडोबाची झाली," त्या म्हणाल्या.

"नवस तू बोललीस आन् तंबाखू माझा?"

"मंग माझा कुठं हाय तंबाखू?"

"आगं, दुसरं काही तरी बोलायचं हुतं. तुझं काही."

"माझं काय बोलू? मला पान न्हाई, बिडी न्हाई, पत्ते न्हाईत, जत्रंतला तमाशा न्हाई. या घरात सोडन्यासारखं जेवढं हाय तेवढं समदं तुमच्यापाशीच हाय. देवापुढं काय रिकामा डबा धरू?"

या मुद्द्यात काहीतरी खोट आहे असं कारभाऱ्यांना वाटत होतं, पण ती सापडेना. ती आजही सापडलेली नाही.

पुढे बोअरला पाणी लागलं तेव्हा वांगं गेलं. सून सविता सुखरूप बाळंत होऊन सृष्टी जन्मली तेव्हा साखर गेली. गोरक्षला चाकणला नोकरी लागली त्याच दिवशी कारभारी जेवून अंमळ आडवे झाले होते. रतनबाईंनी त्यांना हलवून उठवलं आणि पेढा हातावर ठेवत सांगितलं की आता दुपारी डोळा लावायचा नाही. मग दुपारचं करायचं काय, म्हणून कारभारी चालायला लागले. गावातून नदीपर्यंत, नदीवरून परत.

परिणाम असा झाला की पंचायतीत आरोग्य शिबिर भरलं तेव्हा तपासणारा तरुण डॉक्टर चकित झाला. सत्तरीच्या आसपासचा गडी, रक्तदाब कोवळ्या पोरासारखा, साखर नावालाही वाढलेली नाही. त्याने विचारलं, "बाबा, तुमचं डाएट कोण बघतं?"

"एकजन न्हाई बघत," कारभारी म्हणाले. "मोहटादेवी, मोहिनीराज आन् शनिमहाराज. वाटून घेतलंय त्यांनी."

नवस बोलण्यामागे रतनबाईंचा काही एक हिशेब होता आणि तो त्यांना, गंमत म्हणजे, कारभाऱ्यांच्याच नोकरीवरून सुचला होता. कारभारी प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या चारीत कधी सोडायचं, कुणाचं दार कधी बंद करायचं, हे पाटकऱ्याच्या हातात. ऊस वाळायला लागला की मोठमोठे बागायतदार त्यांच्या सायकलीपुढं हात जोडून उभे राहत. त्यात कारभाऱ्यांची मिशी अशी, की दोन्ही गालांवर चढून टोकाला वर वळलेली, खोबरेल लावून तुकतुकीत केलेली. त्या मिशीकडे बघून पाणीसुद्धा मुकाट्याने वळतं असं लोक म्हणायचे. कारभारी घरी येऊन एकच गाऱ्हाणं सांगायचे. "पानी यायच्या आधी बांधावर जत्रा. पानी पोचलं का एक मानूस परत फिरकत न्हाई. एवढं तरी सांगावं का न्हाई, का बाबा पोचलं, रान भिजलं?"

एकदा भाकरी थापता थापता रतनबाई म्हणाल्या, "तुमाला एवढं लागतं, मंग देवाला किती लागत आसंल? त्यो तं लई मोठा पाटकरी."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला देव्हाऱ्यापुढं बसून पाणी पोचल्याची खबर देणं हे त्यांनी आपलं काम मानलं. मोठ्याने, अगदी समोर माणूस बसल्यासारखं. "आज दूध नासलं न्हाई. सृष्टीचा खोकला थांबला म्हनून सविताचा फोन आल्ता. लाईट गेली, पन सैपाक झाल्यावर गेली, लई बरं केलं. हे सकाळी शेजारच्या आसारामला लई वाकडं बोलले. मंग दुपारी आपनहून त्याला बांधावरनं हाक मारली, तेवढी बुद्धी दिलीस."

कारभारी बाहेर ओट्यावर बिनसाखरेचा चहा घेत बसलेले असत. आपल्या दिवसभराच्या वागण्याचा असा जाहीर पंचनामा ऐकताना ते मिशीला पीळ देत. पण खबर देऊन रतनबाई उठल्या की त्यांचं तोंड असं हलकं झालेलं असे, जसं डोईवरचं गवताचं ओझं आत्ताच खाली टाकलंय. दोन घास जेवायच्या आणि अंथरुणाला पाठ लागायच्या आत झोपायच्या. कारभारी मात्र कुठल्या चारीवर कोणत्या साली कोण काय बोललं होतं ते आठवत जागे.

असं होता होता कारभाऱ्यांकडे दोनच गोष्टी उरल्या. एक तो फिका चहा, आणि दुसरी मिशी. सणासाठी राखून ठेवलेल्या तुपाच्या बरणीकडे बघावं, तशा रतनबाई अधूनमधून त्या मिशीकडे बघायच्या. नातीचं लग्न अजून लांब होतं, ही कारभाऱ्यांना त्यातल्या त्यात जमेची बाजू वाटायची.

आणि मग यंदा गणपती उठल्यावर खुद्द रतनबाईच आजारी पडल्या.

डेंग्यू निघाला. पेशी उतरल्या म्हणून श्रीरामपूरच्या दवाखान्यात ठेवलं. गोरक्ष आणि सविता चाकणहून आले, आत तेच थांबले. कारभाऱ्यांना आतला वास सोसवेना, ते फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसून राहिले. तिथे शेंदराने माखलेला एक लहानसा मारुती होता. पेशंटांचे नातेवाईक येता-जाता त्याच्यापुढं वाकत. कारभारी नुसते बघत होते. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यापुढं हात जोडले होते. आपले हात जोडायचे कसे, अंगठे आत घ्यायचे की बाहेर, हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. घरात ते खातं रतनबाईंकडे होतं, आणि खातं सांभाळणारं माणूस आत सलाईन लावून पडलं होतं.

दुपारी फक्रुद्दीन डबा घेऊन आला. गावात त्याचं गादीचं दुकान, दोघांची मैत्री शाळेपासूनची.

"आमच्या मंडळीनं, जहिरानं, दर्ग्यात चादर बोललीय वैनीसाठी," तो टेकत म्हणाला. "तू काय बोलला?"

"मी काय बोलनार? माझ्यापाशी सोडायला ऱ्हायलंय काय?"

फक्रुद्दीनने फक्त कारभाऱ्यांच्या नाकाखाली बघितलं.

कारभाऱ्यांचा हात पटकन मिशीवर गेला. "हिच्याकडं बघू नको. हिच्यावाचून मला गावात कोन वळखनार?"

"मी कुठं काय म्हनलो? जेव तू."

फक्रुद्दीन आत विचारपूस करायला गेला. कारभाऱ्यांनी डबा उघडलाच नाही. आतून सविता डोळे पुसत औषधाच्या दुकानाकडे धावताना दिसली, तसे ते उठले आणि मारुतीपुढं उभे राहिले. बोलायचं तर होतंच. आणि नवस कसा बोलतात हे त्यांनी जन्मभर एकाच ठिकाणी ऐकलं होतं. घरची रीत ती रीत. नवस बोलायचा आपण, सोडायचं दुसऱ्याने.

"देवा," ते म्हणाले, "रतनला बरी कर. ती पुन्हा जल्मात कधी नवस बोलनार न्हाई."

बोलून झाल्यावर आपण केवढं डोकं चालवलं हे त्यांच्या ध्यानात आलं. बायको घरी येणार आणि मिशीही कायमची सुरक्षित. त्यांनी समाधानाने डबा उघडला. आत भरलं वांगं होतं. ते फक्रुद्दीन बाहेर आल्यावर त्याला परत दिलं आणि नुसती चपाती खाल्ली.

पेशी वाढल्या. रतनबाई घरी आल्या. गोरक्ष-सविता परत गेल्यावर रतनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तेव्हा कारभाऱ्यांनी मोठ्या ऐटीत आपला नवस सांगितला.

रतनबाई ताठ बसल्या. मग म्हणाल्या, "कुनाला इचारून बोलला?"

"तू मला कवा इचारलं?"

संसारातला पहिला वाद कारभाऱ्यांनी जिंकला होता. जिंकल्यावर माणसाने काय करायचं असतं याचा अनुभव नसल्यामुळे ते उठून उगाच गोठ्यात जाऊन आले.

"कुन्या देवाला बोलला?" परत आल्यावर रतनबाईंनी विचारलं.

"दवाखान्याम्होरच्या मारुतीला."

"मारुती म्हंजे कडक देव. मोडता न्हाई येनार," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दिवा लागला. कारभारी चहा घेऊन ओट्यावर कान देऊन बसले. आतून आवाज येईना. डोकावून बघितलं तर रतनबाई देव्हाऱ्यापुढं बसलेल्या. तोंड उघडत होत्या, मिटत होत्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दिवा लावून त्या लगेच उठल्या.

"आगं, देवाला काही सांगत का न्हाईस?" कारभाऱ्यांनी न राहवून विचारलं. "मी आज आसारामला काय काय बोललो, ऐकलं न्हाईस का?"

"भ्या वाटतं. तोंड उघडलं का नवसच निघंल. जिभंला वळन पडलंय."

"मंग नवस नको बोलू. नुसतं बरं झालं म्हन."

रतनबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही विचारत होत्या, हा माणूस इतकी वर्षं या घरात राहतो की लॉजवर. "शेजारनीनं वाटीभर कालवन दिलं, तं वाटी परत करताना मी कधी रिकामी करती का? घरात काही नसलं तं चिमूटभर साखर तरी टाकती. आन् देवाची वाटी रिकामी देऊ? तुमच्या त्या बागायतदारांवानी?"

त्यानंतर रतनबाई काम सगळं करायच्या, पण भाकरी अर्धी टाकायच्या आणि रात्री कूस बदलत राहायच्या. कारभाऱ्यांनी त्यांना दोनदा श्रीरामपूरला नेऊन आणलं. डॉक्टरने सगळे कागद उलटसुलट पाहिले, पेशी ठीक, रक्त ठीक, छाती ठीक. "आजींच्या मनाला काही लागलंय का?" त्याने विचारलं. कारभारी छताकडे बघत म्हणाले, "तसं काही न्हाई." त्यांचा हात मात्र मिशीवर होता.

बायको आजारी होती तेव्हा निदान आजाराला नाव होतं. आता नुसतीच विझत चालली होती, आणि दिव्यावर फुंकर आपणच मारलीय हे कारभाऱ्यांना रोज जास्त जास्त कळत होतं. म्हणून त्यांनी एक उपाय केला. सकाळी चहा आल्यावर त्यांनी रतनबाईंच्या डोळ्यांदेखत डब्यातली साखर घेतली आणि चमचा मोहिनीराजाच्या नावाने कपात उलटा केला. आता ही खवळेल, कप हिसकावेल, सात पिढ्यांचा उद्धार करेल. कारभारी सगळ्याला तयार होते.

रतनबाईंनी साखरेचा डबा त्यांच्याजवळ सरकवला. "आनखी घ्या," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो चहा जास्वंदीच्या मुळाशी ओतून कारभारी तडक फक्रुद्दीनच्या दुकानात गेले.

फक्रुद्दीन तोंडाला फडकं बांधून कापूस पिंजत होता. त्याने मशीन बंद केलं. कारभाऱ्यांनी सगळं सांगितलं, साखरेसकट. फक्रुद्दीनच्या भुवयांवर कापूस बसला होता, त्यामुळे तो नेहमीपेक्षा शहाणा दिसत होता.

"दार कुनी लावलं?" त्याने विचारलं.

"मीच."

"मंग उघडायला दुसरं कोन येनार? पाटकरी तू का मी?"

"पन नवस फिरवता येतो का, फकरू?"

"तुमच्याकडं पाळी बदलून द्यायची न्हाई का पद्धत? एकानं आपलं पानी दुसऱ्याला द्यायचं, त्याचं आपन घ्यायचं. तसं सांग मारुतीला. वैनीचं सोड, त्याच्या जागी माझं घे."

"माझं काय?"

फक्रुद्दीनने पुन्हा नाकाखाली बघितलं.

कारभाऱ्यांनी मिशीचं एक टोक चाचपलं. "एक बाजू दिली तं चालंल का?" ते हळूच म्हणाले.

"बघ बाबा. वैनी पन मंग एका डोळ्यानं झोपंल."

कारभारी पुढच्या बसने श्रीरामपूरला गेले. कडुलिंबाखालच्या मारुतीपुढं उभे राहिले तेव्हा अदलाबदलीचं सगळं बोलणं त्यांनी वाटेत पाठ केलेलं होतं. पण मारुतीच्या तोंडाकडे बघितलं आणि ते एकदम ओशाळले. बायको बरी होऊन घरी गेली, त्यानंतर दोन वेळा ते याच फाटकातून आत-बाहेर गेले होते. एकदाही इकडे वळून "पोचलं" म्हणाले नव्हते. आज आले तेही काम घेऊन. ज्या बागायतदारांना जन्मभर शिव्या घातल्या, त्यांच्याच रांगेत आपण उभे आहोत, तेही मिशीसकट, हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसलं.

त्यांनी हात जोडले. अंगठे कुठे गेले ते बघितलं नाही.

"पानी पोचलं, बाबा," ते म्हणाले. "लई येळानं सांगतोय, पन पोचलं. रतन घरी आली. चालती, फिरती." मग जरा थांबून, "मी तिची चीज तुला बोललो, ती माझी नव्हती. ती तेवढी परत दे. माझी घे. चालत आसंल तं कौल दे."

आता कौल म्हणजे देवाच्या अंगावरचं फूल उजवीकडून पडायला हवं. या मारुतीला फूल नव्हतं, रुईच्या पानांची माळ होती. कारभारी वाट बघत उभे राहिले. तेवढ्यात एक शेळी आली, उजव्या बाजूने मान घातली आणि माळेचं एक पान ओढून चावत निघून गेली. पान पडलं, उजवीकडून पडलं. कुणी पाडलं याच्याशी कौलाला कर्तव्य नसतं.

फाटकासमोरच कल्याण नावाच्या कारागिराचं केशकर्तनालय होतं. कारभारी खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "मिशी काढ."

कल्याणने कात्री खाली ठेवली. दवाखान्यासमोर धंदा असल्यामुळे त्याला या कामाची सवय होती. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "कोन गेलं, बाबा?"

"कुनी गेलं न्हाई. आहे ते ऱ्हावं म्हनून काढायचीय."

"आसं नका करू. मानूस गेल्याबिगर आसली मिशी मी उतरवत न्हाई. सहा महिनं तं तेल लावाया लागलं आसंल हिला."

"जल्मभर लावलंय. काढ, न्हाई तं माझा इचार बदलंल."

मिशी उतरली. आरशात एक अनोळखी माणूस बसला होता, वरचा ओठ पांढराफटक, थेट सासऱ्यांसारखा. कल्याणने मिशी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, ती कारभाऱ्यांनी मारुतीपुढं ठेवली आणि मागे न बघता स्टँडवर आले.

स्टँडवर आसाराम मोटारसायकलवर दिसला. कारभाऱ्यांनी हात हलवला. आसारामने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घातली आणि गाडीला किक मारून निघून गेला. नवस फेडलेल्या माणसाला गावात एवढा मान मिळतो हे कारभाऱ्यांना आजच कळत होतं.

बस बेलापुरात शिरली तर चौकातली दुकानं अर्ध्या शटरवर. कारभारी उतरले तसा पारावरचा घोळका उठून उभा राहिला. एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा," तो म्हणाला. कारभाऱ्यांना वाटलं, मिशीबद्दल म्हणतोय. "येईल पुन्हा," ते म्हणाले. त्यावर तो माणूस तोंड फिरवून रडायला लागला.

घराच्या वळणावर आले तेव्हा अंगणात हीऽ गर्दी. मधल्या वेळात काय घडून गेलं होतं ते आसारामने नंतर कबूल केलं. रतनबाईंच्या दवाखान्याच्या चकरा गावाला माहीत होत्या. पाटकऱ्याचा मिशी उतरवलेला चेहरा बघितल्यावर दुसरा अर्थ निघणारच नव्हता, आणि आसारामने श्रीरामपूर सोडायच्या आधीच चार फोन लावले होते. भावकीतल्या बायका रडत आल्या, अंगणात बसल्या. एक म्हणाली, आता गावात भरली वाटी कोण परत धाडणार. दुसरी म्हणाली, देवमाणूस होती, त्या मिशीवाल्याला सांभाळलं. रतनबाई पाठीमागे भांडी घासत होत्या. रडणं ऐकून त्या पदराला हात पुसत आल्या, रीतीप्रमाणे शेवटच्या बाईशेजारी बसल्या, पदर डोळ्याला लावला आणि दोन हुंदके देऊन हळूच विचारलं, "कोन गेलं गं?"

"आगं आपली रतन," असं म्हणून ती बाई वळली, आणि आडवी झाली.

तिला कांदा हुंगवत असतानाच कारभारी अंगणात येऊन उभे राहिले. एकटा फक्रुद्दीन ओट्याच्या कोपऱ्यात फडक्यात तोंड घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते, पण दुःखाने नव्हे.

"तुला म्हाईत हुतं, तं सांगितलं का न्हाईस?" कारभारी त्याला म्हणाले.

"वैनीला तरी कळू दे ना, गाव काय बोलतं ते. मेल्याशिवाय कुनाला ऐकायला मिळतं?"

रतनबाई उठून पुढं आल्या. त्यांनी कारभाऱ्यांच्या त्या पांढऱ्या ओठाकडे बघितलं.

"कुनासाठी काढली?"

"मारुतीला दिली. तुझा नवस सोडवून आनला. कौल घेतलाय, उजवीकडनं. आता तू बोल काय बोलायचं ते."

"माझी हुती ती मिशी," रतनबाई म्हणाल्या. "सृष्टीच्या लग्नासाठी राखून ठिवली हुती मी."

"म्हंजे जानारच हुती?"

"जानारच हुती. पन तुमी आपल्या हातानं द्याल असं न्हवतं वाटलं."

आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी पदरात, मग पदर सोडून. त्या हसायला लागल्यावर रडायला आलेल्या बायकांना थांबावं की नाही कळेना, आणि थोड्या वेळाने त्याही हसायला लागल्या. आडवी झालेली उठून बसली. एवढी माणसं दारात आली तर चहा हवाच, असं रतनबाई म्हणाल्या. सुतकाच्या घरी चहा कसा घ्यायचा, असं एका म्हाताऱ्याने विचारलं. "जिचं सुतक तीच करतीय, घ्या," असं रतनबाईंनी सांगितलं. सगळ्यांना गोड, एक कप फिका.

संध्याकाळी गर्दी पांगली. दिवा लागला. कारभारी तोच फिका चहा पुन्हा गरम करून घेऊन ओट्यावर बसले आणि कान देऊन ऐकू लागले. आतून आवाज आला, खणखणीत.

"देवा, लई दिवसाचं साचलंय, दमानं ऐक. मी घरी आले, ते पोचलं. सविता-गोरक्षनं रजा टाकून केलं माझं, ते पोचलं. जहिराची चादर पोचली. हे माझ्यासमूर साखर खाऊन बसले हुते, ते मोहिनीराजानं मनावर घेऊ नये, तसं मी त्याला येगळं सांगीन. आसारामच्या जिभंला जरा लगाम दे. गाव माझ्यामागं एवढं चांगलं बोललं, ते जित्तेपनी ऐकायला दिलं, लई उपकार झाले."

कारभारी गालातल्या गालात हसले. सवयीने हात वर गेला आणि मोकळ्या ओठावरून घसरून खाली आला. आज आपल्यालाही झोप येणार, असं त्यांना वाटलं.

मग रतनबाईंचा आवाज जरा खाली आला, नवस बोलायच्या वेळी यायचा तसा.

"आन् देवा, ह्यांचा ओठ लई उघडा दिसतो. बघवत न्हाई. मिशी तेवढी लवकर, पैल्यासारखी भरून येऊ दे. आली का हे..."

बाहेर ओट्यावर कारभाऱ्यांनी हातातला कप हळूच पाठीमागं लपवला.